जिप्सम बोर्डाच्या छतावर घरच्या घरी टेक्स्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरात जिप्सम बोर्डाचे, म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेल्या तयार पाट्यांचे, फॉल्स सीलिंग आहे किंवा सध्या बसत आहे, आणि ज्यांना त्यावर टेक्स्चर, म्हणजे ओल्या मालाच्या थरात उठवलेली उंचसखल नक्षी, स्वतः करायचे आहे किंवा रंगाऱ्याकडून करून घेताना कामावर डोळसपणे लक्ष ठेवायचे आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. भिंतीवरचे टेक्स्चर आणि छतावरचे टेक्स्चर ही दोन वेगळी कामे आहेत. छतावर हात सतत वर ठेवून काम करावे लागते, ओला माल स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि ज्यावर तो लावायचा तो पृष्ठभाग सिमेंटचा नसून कागदाचा असतो.

आमचे छत जिप्सम बोर्डाचे आहे की पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे), हे कसे ओळखावे?

ठोकून पाहून काही कळत नाही, कारण दोन्ही पोकळच वाजतात. खात्रीचा उपाय म्हणजे छतातील एखादा एलईडी दिवा उतरवून त्याच्या भोकाची कड पाहणे. आधी त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करावा, दिवा दोन्ही बाजूंनी हलकेच खाली ओढावा आणि त्याच्या स्प्रिंगच्या पट्ट्या बोटांनी दाबून तो बाहेर काढावा. कापलेल्या कडेला दोन्ही बाजूंनी कागद आणि मध्ये एकसारखी पांढरी भुकटी घट्ट बसलेली दिसली आणि जाडी साधारण १२.५ मिलिमीटर भरली, तर ते जिप्सम बोर्ड आहे. कागद नसेल, जाडी कमीजास्त असेल आणि आत जाळी किंवा काथ्याचे धागे दिसत असतील, तर ते पीओपी आहे. पुढील उत्तरे जिप्सम बोर्डाची आहेत. पीओपीच्या छतालाही त्यांतील बरेचसे लागू पडते. मात्र पीओपीला कागद नसल्याने ते पाणी फार वेगाने शोषते, आणि म्हणून तिथे प्राइमर (आधी द्यायचा अस्तराचा हात) अधिकच महत्त्वाचा ठरतो.

टेक्स्चर केले की सांध्यांच्या भेगा आणि छताची लाट झाकली जाते, हे खरे आहे का?

अर्धवट खरे आहे, आणि या अर्धवट खरेपणामुळेच सर्वाधिक छते बिघडतात. पॉलिश पेपरचे ओरखडे, पुट्टीच्या पट्टीच्या बारीक रेषा, रंगाच्या रोलरचे पट्टे अशा पृष्ठभागावरच्या किरकोळ खुणा टेक्स्चरखाली निश्चितपणे लपतात. सांध्याची भेग मात्र लपत नाही. भेगेचे मूळ खाली, दोन बोर्डांच्या हालचालीत असते, आणि वरचा मिलिमीटरभर थर त्या हालचालीला अडवू शकत नाही. काही महिन्यांत तीच भेग टेक्स्चरमधून सरळ रेषेत वर येते. सपाट छतावरची भेग भरून, घासून, रंगवून नाहीशी करता येते; टेक्स्चरवरची भेग भरली की तिथली नक्षी जाते आणि डाग कायमचा दिसत राहतो.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी रात्री खोलीतील सर्व दिवे बंद करून एक टॉर्च छताला जवळजवळ चिकटवून आडवा धरावा आणि प्रकाश छतावरून सरपटत जाऊ द्यावा. दिवसा अजिबात न दिसणारे उंचवटे, वर आलेली स्क्रूची डोकी, सांध्यांवर लावलेल्या टेपच्या सुटलेल्या कडा आणि दोन बोर्डांमधील पायरी या प्रकाशात सावल्यांसह उभ्या राहतात. प्रत्येक दोषावर पेन्सिलने खूण करून ठेवावी. स्क्रू वर आला असेल तर तो कागद न फाडता किंचित आत घ्यावा आणि त्याच्या शेजारी, एक-दीड इंचावर, दुसरा स्क्रू बसवावा. टेप सुटली असेल तर तेवढा भाग कापून काढून जॉइंटिंग कंपाउंडमध्ये (बोर्डांचे सांधे भरण्याच्या लगद्यात) नवी कागदी टेप बसवावी आणि वरून कंपाउंडचे दोन रुंद हात द्यावेत. फायबरची चिकट टेप लावायला सोपी असते, हे मान्य. तरी छताच्या सांध्यावर कागदी टेपच अधिक भरवशाची आहे.

भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातील भेग हा वेगळा प्रकार आहे. तिथे स्लॅब, भिंत आणि सीलिंगचा सांगाडा वेगवेगळ्या मापाने हलत असतात, त्यामुळे टणक पुट्टी भरून उपयोग होत नाही. त्या फटीत रंगवता येणारा ॲक्रिलिक सीलंट भरावा आणि टेक्स्चर शक्यतो भिंतीपासून काही इंच आधीच थांबवून सपाट किनार सोडावी.

टेक्स्चरचे वजन बोर्डाला पेलते का?

हिशेब करून पाहू. खोली १० बाय १२ फुटांची असेल तर छत १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर होते. त्यावर सरासरी १ मिलिमीटरचा थर म्हणजे सुमारे ११ लिटर ओला माल, वजनाने साधारण १८ किलो. तेवढ्याच छताचे १२.५ मिलिमीटरचे बोर्ड ९० ते १०० किलोच्या घरात असतात. योग्य अंतरावर स्क्रू मारलेल्या सांगाड्याला ही भर जड नाही.

खरा धोका वजनाचा नसून पाण्याचा आहे. ओल्या मालातील पाणी कागदात आणि त्यामागच्या जिप्सममध्ये मुरते, बोर्ड तात्पुरते नरम होते आणि ज्यांवर ते स्क्रूने बसवलेले असते त्या सांगाड्याच्या दोन चॅनेलच्या (धातूच्या पट्ट्यांच्या) मधल्या भागात खाली झुकते. सुकल्यावर तो झोळ तसाच राहतो. आपल्याकडे बोर्ड ज्या चॅनेलवर बसतात ते सामान्यतः ४५० मिलिमीटरच्या अंतराने लावले जातात, तर पाण्यात कालवलेले टेक्स्चर करायचे असल्यास अमेरिकेतील एएसटीएम सी ८४० हे मानक साध्या अर्ध्या इंची बोर्डासाठी १६ इंच, म्हणजे सुमारे ४०० मिलिमीटर, ही मर्यादा घालते. सीलिंग अजून बसायचे असेल तर मिस्त्रीला चॅनेल ४०० मिलिमीटरवर लावायला आधीच सांगावे. त्याला थोडे जास्त चॅनेल लागतील, इतकेच. सीलिंग बसलेले असेल तर थर पातळ ठेवावा, खाली प्राइमर न चुकता द्यावा आणि जाड, खोल नक्षीचा हट्ट सोडावा. १२.५ मिलिमीटरपेक्षा पातळ बोर्डावर असे टेक्स्चर करूच नये.

माल कोणता घ्यावा? पांढऱ्या सिमेंटची पुट्टी चालेल का?

बाजारात तीन गोष्टी मिळतात: बादलीतील तयार जॉइंटिंग कंपाउंड, आतल्या भिंतींसाठीचे तयार ॲक्रिलिक टेक्स्चर आणि पोत्यातील पावडर, जी पाण्यात कालवावी लागते. घरच्या घरी प्रथमच काम करणाऱ्याने तयार कंपाउंड घ्यावे. ते हवेने हळूहळू सुकते, त्यामुळे नक्षी करायला वेळ मिळतो आणि चूक झाल्यास ओले असतानाच खरवडून पुन्हा लावता येते. ॲक्रिलिक टेक्स्चर अधिक टणक आणि ओलाव्याला अधिक टिकाऊ असते. मात्र एकदा वाळले की काढणे जिकिरीचे होते. पावडरमध्येही दोन जाती आहेत. ठरावीक वेळात रासायनिक क्रियेने घट्ट होणारी पावडर सांधे भरायला उत्तम असली, तरी सबंध छताच्या नक्षीसाठी ती घेऊ नये, कारण अर्धे छत होण्याआधीच ती बादलीत दगड झालेली असते.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी हे सिमेंटच्या प्लास्टरसाठीचे उत्पादन आहे. तिला पक्के होण्यासाठी ओलावा लागतो, आणि कागद लावलेल्या बोर्डाला नेमका तोच नको असतो. दुकानदार स्वस्त म्हणून ती सुचवतात. तरी घेऊ नये. पुट्टी लागलीच तर ॲक्रिलिक पुट्टी वापरावी.

प्राइमर खरोखर आवश्यक आहे का? छतावर आधीच रंग आहे.

नव्या, न रंगवलेल्या बोर्डावर तो आवश्यकच आहे. कोरा कागद आणि कंपाउंड भरलेला सांधा हे दोघे पाणी वेगवेगळ्या वेगाने शोषतात. प्राइमर नसेल तर सांध्यावरचे टेक्स्चर आधी वाळते, बाकीचे नंतर, आणि रंग दिल्यावरही सांध्यांचे पट्टे पुसट दिसत राहतात. पाण्यातील ॲक्रिलिक प्राइमरचा एक भरपूर हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा.

आधी रंग दिलेला असेल तर तो कोणता आहे ते पाहावे. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी बोटांना लागली तर तो डिस्टेंपर आहे किंवा रंग जुना होऊन पिठूळ झाला आहे. असा थर घासून, ओल्या फडक्याने पुसून काढल्याशिवाय वर काहीही टिकत नाही. टेक्स्चर रंगासकट पोपड्यांनी खाली येते. चकचकीत ऑइल पेंट असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवावी. चांगला चिकटलेला मॅट इमल्शन असेल तर धूळ पुसून प्राइमरचा एक हात पुरेसा आहे.

नक्षी कोणती निवडावी?

नवख्या माणसाने अशी नक्षी निवडावी की जिला दिशा नसते. जाड केसांचा गोल ब्रश ओल्या थरावर दाबून उचलला की उठणारी फुलपाकळ्यांसारखी नक्षी, स्पंजने टिपून उठवलेले बारीक दाणे, किंवा दाणे उठवून मग त्यांची टोके रुंद पट्टीने चपटी करण्याची पद्धत, या तिन्हींमध्ये हाताचा थोडा फरक खपून जातो. कंगव्याच्या समांतर रेषा, कमानी आणि पंखे दिसायला आकर्षक असतात. पण त्यांत एक रेषा जरी तिरकी गेली तरी झोपल्या झोपल्या नजर तिथेच जाते. ज्या छताकडे माणूस रोज रात्री पाहत पडणार आहे, त्यावर ती जोखीम कशाला घ्यावी?

खोलीची उंचीही पाहावी. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर आणि वातानुकूलित खोलीत फॉल्स सीलिंगपर्यंत किमान २.४ मीटर सांगितलेली आहे. आपल्या अनेक सदनिका या आकड्यांच्या आसपासच घुटमळतात. इतक्या कमी उंचीवर खोल नक्षीच्या सावल्यांमुळे छत आणखी खाली आल्यासारखे वाटते. कोव्ह लाइट (छताच्या कडेच्या खाचेत लपवलेला दिवा) असेल तर त्याचा प्रकाश छताला घासून जातो, त्यामुळे हलकी नक्षीही त्यात ठळक दिसते. म्हणून सबंध छताऐवजी फक्त मधल्या चौकटीत टेक्स्चर करून भोवतालची पट्टी सपाट ठेवणे हा माझ्या मते बहुतेक घरांसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. काम कमी होते, कडा स्वच्छ मिळतात आणि पुढे कधी दुरुस्ती करावी लागली तरी ती चौकटीपुरती राहते.

निवड पक्की करण्यापूर्वी बोर्डाच्या एखाद्या उरलेल्या तुकड्यावर तीच नक्षी करून, तो तुकडा छताला टेकवून, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा पाहावा.

प्रत्यक्ष काम कसे करावे?

हे काम एकट्याचे नाही. एकाने रोलरने माल लावत जावे आणि दुसऱ्याने मागोमाग नक्षी उठवावी, अशी जोडी हवी. सामान बाहेर काढून जमिनीवर प्लास्टिक अंथरावे, भिंतींच्या वरच्या कडेला मास्किंग टेपने कागद लावावा, आणि डोळ्यांना गॉगल, डोक्याला टोपी घालावी. एकाच शिडीवरून वाकून दूर हात पोहोचवण्यापेक्षा दोन घोड्यांवर (चार पायांच्या उंच तिवयांवर) मजबूत फळी टाकून तीवरून चालत काम करावे. मान आणि खांदे दोन्ही वाचतात.

तयार कंपाउंड बादलीतून काढून दुसऱ्या मोठ्या बादलीत घ्यावे आणि एकेक पेला पाणी घालत ड्रिलला लावलेल्या मिक्सरच्या दांडीने कमी वेगात घोटावे. वेग वाढवला की हवा मिसळते आणि छतावर वाळताना टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे पडतात. ब्रशच्या नक्षीसाठी माल सैलसर श्रीखंडासारखा असावा: उलथण्यावर ढीग राहिला पाहिजे, पण उलथणे तिरके केल्यावर तो सावकाश घसरलाही पाहिजे. घोटल्यावर दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवून पुन्हा एकदा हलवावा. सबंध छताला लागेल तेवढा माल एकाच वेळी सारखा करून घेणे हिताचे आहे, कारण दुसरी बादली पहिलीइतकीच पातळ होईल याचा नेम नसतो.

सुरुवात खिडकीच्या बाजूने करावी. आधी कडेने छोट्या ब्रशने माल लावून घ्यावा आणि मग रोलरने सुमारे ३ फूट रुंदीचा पट्टा भरावा. पट्ट्याची पुढची कड सरळ न ठेवता ओबडधोबड सोडावी, म्हणजे पुढचा पट्टा तिच्यात मिसळतो आणि जोड दिसत नाही. नक्षी करणाऱ्याने ब्रश आधी मालात माखून घ्यावा, छतावर सरळ दाबून सरळच उचलावा आणि प्रत्येक वेळी मनगट थोडे फिरवावे, नाहीतर एकच ठसा ओळीने उमटत जातो. मधूनमधून खाली उतरून, खोलीच्या दारात उभे राहून पाहावे. फळीवरून केवळ हातभर जागा दिसते आणि दाट-विरळपणा ध्यानात येत नाही.

टोके चपटी करायची असतील तर ओली चकाकी जाण्याची वाट पाहावी. याला साधारण दहा-पंधरा मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा पृष्ठभागाची चमक पाहणे अधिक खात्रीचे. रुंद पट्टी जवळजवळ आडवी धरून, अजिबात न दाबता, केवळ तिच्या वजनाने ओढावी आणि प्रत्येक ओढीनंतर पुसावी. माल पट्टीला चिकटून फराटे पडू लागले तर घाई झाली आहे. टोके कुरकुर आवाज करून तुटू लागली तर उशीर झाला आहे.

एक चौकट सुरू केली की ती पूर्ण होईपर्यंत थांबू नये. चहा आधी किंवा नंतर.

पंखा आणि दिवे यांचे काय करावे?

दिवे उतरवून वायरींना टेप गुंडाळून त्या भोकात वर ढकलून ठेवाव्यात, आणि काम संपेपर्यंत एमसीबी बंद ठेवावा. पंखा नेहमी स्लॅबमधील हुकाला टांगलेला असतो, बोर्डाला नव्हे. तरी त्याची वरची वाटी बोर्डाला टेकलेली असेल तर पंख्याची थरथर बोर्डात उतरते आणि वाटीभोवती गोल भेग पडते. वाटी आणि छत यांत थोडी फट ठेवावी. पंखा उतरवला असेल तर नक्षी करणाऱ्यांचीही सोय होते, आणि कोणी गरम होते म्हणून तो मध्येच सुरूही करीत नाही. वाऱ्याने पट्ट्याची कड आधी वाळली तर जोड लपवता येत नाही.

पावसाळ्यात हे काम करावे का?

शक्यतो करू नये. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात हवा इतकी दमट असते की एरवी एका दिवसात वाळणारा थर दोन-तीन दिवस ओला राहतो, आणि या सगळ्या काळात पाणी बोर्डात मुरत राहते. पुण्यात किंवा देशावर इतरत्र परिस्थिती थोडी बरी असते, पण झडीच्या दिवसांत तिथेही तोच प्रकार होतो. गणपतीपूर्वी घर तयार हवे, या घाईत ओल्या टेक्स्चरवर रंग चढवला जातो आणि मग फुगे व काळी बुरशी दोन्ही येतात. नाइलाज असेल तर काम झाल्यावर खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र ड्राय मोडवर चालवावे, थर नेहमीपेक्षा पातळ ठेवावा आणि रंगाला हात लावण्यापूर्वी छत एकसारखे पांढरे झाल्याची खात्री करावी. ओला भाग करडा दिसतो.

वाळल्यावर रंग कसा द्यावा?

आधी रुंद पट्टी छतावरून हलकेच फिरवून सुटे कण आणि टोचरी टोके पाडून टाकावीत. या वेळी नाकावर एन-९५ मास्क हवा, कारण ही धूळ बारीक असते आणि ती थेट चेहऱ्यावर पडते. जॉइंटिंग कंपाउंडचे टेक्स्चर कोरडे असताना पाण्याने पुन्हा नरम होते, म्हणून त्यावर थेट इमल्शन घासल्यास नक्षी झडू शकते. आधी प्राइमरचा एक हात, जास्त न घोळवता द्यावा आणि मग मॅट इमल्शनचे दोन हात. रोलर लांब केसांचा घ्यावा. चकचकीत रंग छताला देऊ नये. रंग सपाट छतापेक्षा जास्त लागतो, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे.

छतावर पिवळा डाग आहे. तो टेक्स्चरने झाकावा का?

नाही. पिवळा डाग म्हणजे वरून पाणी आले आहे किंवा येत आहे. वरच्या घराच्या न्हाणीघरातून, गच्चीतून की पाण्याच्या नळीतून, हे शोधून ते बंद होईपर्यंत टेक्स्चरचा विचार बाजूला ठेवावा. वरच्या शेजाऱ्याशी होणारा संवाद टाळण्यासाठी केलेले टेक्स्चर एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. बोट दाबल्यावर बोर्ड आत जात असेल तर तो तुकडा कापून नवा बसवावा. टणक असेल तर पूर्ण सुकवून त्यावर डाग रोखणारा, तेलातील प्राइमर द्यावा, कारण पाण्यातील प्राइमरमधून डाग पुन्हा वर येतो.

स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये टेक्स्चर करावे का?

करू नये. फोडणीचा तेलकट धूर नक्षीच्या खाचांत बसतो आणि तिथून पुसता येत नाही; बाथरूममध्ये त्याच खाचांत बुरशी धरते.

पूर्वीचे टेक्स्चर काढता येते का? आम्ही अमेरिकेत जुने घर घेतले आहे आणि तिथे छतावर दाणेदार थर आहे.

आपल्याकडील, रंग न दिलेले जॉइंटिंग कंपाउंडचे टेक्स्चर पाण्याचा फवारा मारून, नरम झाल्यावर खरवडता येते. त्यावर रंग असेल तर पाणी आत जात नाही. अशा वेळी टोके घासून वरून कंपाउंडचे दोन पातळ हात देऊन छत सपाट करणे किंवा वाईट अवस्थेत बोर्डच बदलणे बरे.

अमेरिकेतील जुन्या घरांची गोष्ट निराळी आहे. तिथे ज्याला पॉपकॉर्न सीलिंग म्हणतात, त्या फवारलेल्या थरात पूर्वी ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे शरीरात गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज, मिसळले जाई. शोभेसाठी अशा फवारणीवर १९७८ मध्ये बंदी आली. तरी आधी तयार झालेला माल पुढेही काही काळ वापरला गेला. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे घर असेल तर त्या छताला खरवडणी, ड्रिल किंवा झाडूही लावण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ॲस्बेस्टॉस निघाले तर काम परवानाधारक माणसांकडे सोपवावे. थर सुस्थितीत असेल तर त्याला न छेडता त्यावर नवे बोर्ड बसवून तो बंद करण्याचा पर्यायही वापरला जातो, पण त्या बोर्डांचे स्क्रू जुन्या थरातूनच जात असल्याने तेही काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

नंतर एखाद्या जागी भोक पाडावे लागले तर नक्षी जुळवता येते का?

पूर्णपणे जुळत नाही, पण जवळपास नेता येते. यासाठी ज्या ब्रशने नक्षी केली तो धुऊन जपून ठेवावा आणि रंगाचा नंबर व कंपनी डब्यावरून उतरवून घ्यावी. उरलेले कंपाउंड झाकण घट्ट लावून ठेवल्यास काही महिने चालते. दुरुस्तीच्या जागेभोवती वीतभर अंतरापर्यंतची जुनी नक्षी ओल्या स्पंजने नरम करून किंवा घासून कमी करावी, नवा माल मध्ये दाट आणि कडेला विरळ लावावा आणि रंग केवळ त्या ठिगळाला न देता सबंध चौकटीला द्यावा.